कार्तिक डीएनए टेस्ट का करत नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या वेळच्या एपिसोडचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात त्याला' थोडे काढून टाकलेत.

विषय आहे टीव्ही मालिकांमधलं दुःखी प्रेम. ताटातूट, गैरसमज, पोटुशी असताना घराबाहेर पडलेली बायको, मागे वाजणारं व्हायोलिन, हे सगळं. मला माहितीय, निम्म्या जणांचं बोट आत्ता स्किपवर गेलं असणार. 'आईच्या मालिका' म्हणून आपण हे सोडून देतो. मीही देत होतो. पण लॉकडाउनमध्ये हिंजवडीची खोली सोडून मी मिरजेला घरी आलो, माझं टेबल हॉलच्या भिंतीला लागलेलं, आणि कॉल म्यूट केला की पलीकडचा टीव्ही स्पष्ट ऐकू यायचा. त्यामुळे दोन वर्षं मी मालिका पाहिल्या नाहीत, ऐकल्या. आणि तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला जो प्रश्न पडला होता तो मलाही पडला: हा कार्तिक डीएनए टेस्ट का करत नाही?

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी. 'रंग माझा वेगळा', स्टार प्रवाह, २०१९ ते २०२३. दीपा सावळी, साधी मुलगी. कार्तिक इनामदार श्रीमंत घरातला डॉक्टर. सासू सौंदर्या, जिला काळ्या रंगाचा तिटकारा. प्रेम होतं, लग्न होतं, आणि दीपाला दिवस जातात. इथे घोळ. कार्तिकच्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं की तो बाप होऊच शकत नाही. म्हणजे मूल दुसऱ्या कुणाचं. दीपा घराबाहेर. जुळ्या मुली होतात, कार्तिकी आणि दीपिका. एक दीपाकडे वाढते, एक इनामदारांच्या घरात. कार्तिक त्या मुलीला जीव लावतो, पण ती आपलीच आहे हे त्याला माहीत नाही. हे असं वर्षानुवर्षं. आणि माणूस डॉक्टर आहे बरं का! लॅब त्याच्या हाताशी. सोशल मीडियावर मीम्सचा पूर आला होता. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाने चक्क वर्गणी काढायचा प्रस्ताव मांडला होता, कार्तिकच्या टेस्टसाठी.

(एक बाजूची गोष्ट, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सावळ्या मुलीची गोष्ट सांगताना दीपाच्या भूमिकेत रेश्मा शिंदे, आणि तिला मेकअपने सावळं केलेलं. सावळी अभिनेत्री महाराष्ट्रात मिळत नाही की काय? त्यावर टीकाही झाली होती. असो, तो वेगळा एपिसोड आहे.)

मला आधी वाटलं, मराठी लेखकांना सुचलं नाही म्हणून ताणतायत. मग शोधायला लागलो आणि कळलं की ही गोष्ट मराठी नाहीच. मूळ मल्याळम, एशियानेटवरची 'करुत्तमुत्तू', २०१४ ची. मग तीच कन्नडमध्ये 'मुद्दुलक्ष्मी', तेलुगूत 'कार्तिक दीपम', तमिळमध्ये 'भारती कण्णम्मा', आपली 'रंग माझा वेगळा', बंगालीत 'अनुरागेर छोंआ'. हिंदीतही २०२० मध्ये 'कार्तिक पूर्णिमा' नावाने सुरू झाली होती, पण दोन महिन्यांत लॉकडाउन आला आणि ती तिथेच संपली. वाहिन्या सगळ्या एकाच नेटवर्कच्या, त्यामुळे हक्काचा प्रश्न नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एक रिपॉझिटरी आणि सहा फोर्क. नावं बदलली, सणवार बदलले, साडी नेसायची पद्धत बदलली. पण कोडच्या गाभ्यातली एक ओळ कोणीही हलवली नाही: डॉक्टर नवरा, बायकोवर संशय, आणि न होणारी टेस्ट.

तमिळमध्ये तर कण्णम्मा पोटुशी असताना बॅग घेऊन घरातून निघते आणि चालत सुटते. ते चालणं इतकं लांबलं की लोकांनी तिला जगभरातल्या रस्त्यांवर, अगदी चंद्रावर चालताना दाखवणारे फोटो बनवले. तेलुगूत दीपाला लोक 'वंटलक्का' म्हणतात, म्हणजे स्वयंपाकीणताई, आणि नायकाला 'डॉक्टर बाबू'. तिथेही प्रश्न हाच. सात भाषांमधले लोक एकच प्रश्न विचारतायत आणि तरीही रोज बघतायत. कोडमध्ये असं काही दिसलं तर मी आधी बग म्हणतो. पण सहा फोर्कमध्ये कोणीच दुरुस्त केलं नाही, म्हणजे तो बग नाही. कुणाला तरी तो हवाय.

कुणाला? सरळ उत्तर धंद्याचं आहे, ते पटकन उरकतो. सिनेमातली शोकांतिका संपते. 'एक दूजे के लिए' मध्ये दोघं मरतात, 'सैराट' मध्ये दोघं मारले जातात, दिवे लागतात, आपण पार्किंगमध्ये न बोलता गाडी काढतो. मालिकेला ही सोय नाही. आठवड्याला सहा भाग, अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये बावीस-तेवीस मिनिटं, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे. चालतंय तोवर संपवायचं नाही. मारायचं म्हटलं तरी पंचाईत. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मध्ये मिहिरला मारलं, तर देशभर एवढा गदारोळ झाला की त्याला जिवंत करून परत आणावं लागलं. तेलुगूतल्या दीपा आणि डॉक्टर बाबूंना २०२२ मध्ये अपघातात मारून मुलींची गोष्ट सुरू केली होती. काही महिन्यांत दोघंही परत! मेलेलं माणूस रोलबॅक होतं, इतकी ही सिस्टिम लवचीक आहे. 'कसौटी जिंदगी की' मधले अनुराग-प्रेरणा शेवटी मेले खरे, पण त्याला सहा वर्षं लागली. म्हणजे मालिकेतली शोकांतिका मरणाची असूच शकत नाही. ती लांबणीवर टाकलेल्या भेटीची असते. दोघं एकाच देवळात, मधे एक खांब, ती इकडून जाते, तो तिकडून येतो.

एवढं धंद्याचं. पण धंद्याला फक्त उशीर हवाय. उशीर कशानेही करता येतो. नायक दुबईला नोकरीला गेला, व्हिसा अडकला, झालं. मग प्रत्येक वेळी संशयच का? इथे मला शकुंतला आठवली. शाळेत आपल्याला जी शकुंतला माहीत होते ती कालिदासाची. दुष्यंत तिच्याशी गांधर्व विवाह करतो, अंगठी देतो, निघून जातो. दुर्वासाचा शाप लागतो आणि तो तिला विसरतो. अंगठी माशाच्या पोटात. ती दरबारात येते, तो ओळखत नाही. अंगठी सापडते, त्याला आठवतं, तो रडतो. बिचारा!

पण महाभारतात जी मूळ गोष्ट आहे तिच्यात शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथे शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, आणि दुष्यंताला सगळं आठवत असतं. तरी तो म्हणतो, मी तुला ओळखत नाही. तिला वाट्टेल ते बोलतो. मग आकाशवाणी होते की मुलगा तुझाच आहे, ही खरं बोलतेय. त्यावर राजा काय म्हणतो? मला माहीतच होतं, पण नुसतं हिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फोन बाजूला ठेवला. म्हणजे कालिदासाने केलं काय, तर शाप आणून दुष्यंताला सोडवलं. माणूस वाईट नाही, शाप वाईट. नाटक म्हणून ते थोर आहेच, त्यात वाद नाही. पण हाच तो पॅच आहे जो आजही चालतोय. दुर्वासाच्या जागी मालिकेत खोटा रिपोर्ट येतो, अंगठीच्या जागी डीएनए टेस्ट. आणि शाप देणारी व्यक्ती हल्ली बहुतेक वेळा बाई असते. भुवया उंचावणारी, नायकावर डोळा असलेली. तिने कान भरले, तिने रिपोर्ट बदलला. कार्तिक काय करणार बिचारा? त्याला फसवलंय.

एकदा हे लक्षात आलं की मालिकांमधली सगळी दुःखी प्रेमं वेगळी दिसायला लागतात. नायक बायकोला हाताला धरून दाराबाहेर काढतो आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर जातो. तिला काढतोय तो, आणि रडतोयही तोच. त्याच्यावर आपला राग धरू नये याची पूर्ण व्यवस्था. कारण उद्या त्याच्याशीच तिला परत जोडायचंय.

'सैराट' मध्ये अशी सोय नाही. तिथे परश्या आणि आर्चीच्या मधे कोणाचा बदललेला रिपोर्ट नाही, जात आहे, आणि मारायला येणारा सख्खा भाऊ आहे. रोजच्या मालिकेत ही अडचण सहसा येत नाही, कारण आडनावं आधीच जुळवलेली असतात. गरीब-श्रीमंत चालतं, गोरी-सावळी चालतं. जातीचं नाव निघायच्या आधी व्हॅम्प येऊन सगळा दोष अंगावर घेते. एका अर्थाने फार कष्टाळू पात्र आहे ते.

आता तुम्ही म्हणाल, अरे मालिका आहे, एवढं काय मनावर घेतोस. तर दोन गोष्टी सांगतो.

पहिली छोटी. ज्या मित्राने वर्गणीचा प्रस्ताव मांडला होता, त्याचं तेव्हा एका मुलीशी चालू होतं. पुढे ते तुटलं. तुटल्यावर तिच्याकडून कळलं की तिचं लाइव्ह लोकेशन चोवीस तास त्याच्याकडे असायचं, आणि रात्री बारानंतर ऑनलाइन दिसली तर सकाळी चॅटचे स्क्रीनशॉट पाठवावे लागायचे. कोणीही त्याचे कान भरले नव्हते. एकही रिपोर्ट बदललेला नव्हता. कार्तिकला हसणारा हा माणूस रोज सकाळी स्वतःची एक छोटी टेस्ट करून घेत होता. रोज निगेटिव्ह यायची, आणि दुसऱ्या दिवशी परत. टेस्ट केली की संशय जातो, हे कोणी सांगितलं? सीतेने अग्निपरीक्षा दिली होती. तरी पुढे वनात जावंच लागलं, तेही पोटुशी, आणि जुळी मुलं तिथेच वाढली. हा प्लॉट कुठे ऐकलाय का बघा.

दुसरी गोष्ट माझ्या मावशीची. तिला विचारून सांगतोय. ती म्हणाली, सांग, फक्त गावाचं नाव घेऊ नकोस.

मावशी लग्नानंतर बालवाडीत शिकवायची. कधी घरी यायला अर्धा तास उशीर व्हायचा. एवढंच. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि परत न्यायला कोणी आलंच नाही. बारशालाही त्या घरचं कोणी नव्हतं. महिनाभराने कुणाच्या तरी हाती निरोप आला, मूल आमचं नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. डीएनए टेस्ट हा शब्द तेव्हा आमच्या घरात कोणी ऐकलेलाही नव्हता. आजोबा दोनदा जाऊन आले, दारातूनच परत आले. मावशीने पुढे डीएड केलं, झेडपीच्या शाळेत लागली, मुलीला शिकवलं. ताई आज परदेशात आहे आणि नाक-डोळे अगदी बापाचे घेऊन आलीय, हे सगळ्यांना दिसतं, बोलत कोणी नाही.

तर ही मावशी निवृत्त झाल्यावर आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते, आणि 'रंग माझा वेगळा' चा एक भाग चुकवायची नाही. मला ते समजायचंच नाही. जे स्वतः भोगलं ते कोण मुद्दाम रोज संध्याकाळी लावून बघतं? एक दिवस कॉल लवकर संपला, आई देवळात गेली होती, मावशी एकटीच टीव्हीसमोर शेंगा सोलत बसलेली. मी म्हटलं, "मावशी, तुला कंटाळा नाही का येत गं? एका टेस्टने संपेल सगळं. उगाच ताणतायत."

ती म्हणाली, "ताणू दे की."

मी म्हटलं, "पण बघतेस कशाला?"

तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "अरे, दीपाचं काही चुकलेलं नाही, हे सगळ्यांना माहितीय. रोज माहितीय. समोरच्या काकू म्हणतात बिचारी दीपा, दूधवाल्याची बायको म्हणते बिचारी दीपा. एका त्या कार्तिकला सोडून अख्ख्या महाराष्ट्राला माहितीय. मला कोण म्हणालं होतं?"

मी गप्प बसलो. काय बोलणार होतो?

मी इतके दिवस एकच बाजू बघत होतो, की खोटा रिपोर्ट आणून नायकाला सोडवतात. ते आहेच, मी ते मागे घेत नाही. पण तोच खोटा रिपोर्ट प्रेक्षकाला आधी दाखवतात. आपल्याला पहिल्या दिवसापासून सत्य माहीत असतं. म्हणजे महाभारतातली ती आकाशवाणी इथे रोज होते, आणि ती ऐकणारी माणसं घराघरात बसलेली असतात. मावशी दीपाचं लग्न जुळावं म्हणून बघत नव्हतीच. ती साक्षीदार मोजत होती. आणि टेस्ट जितकी लांबेल तितके साक्षीदार वाढतात. आम्ही मीम करणारी पोरं ज्याला ताणणं म्हणत होतो, तिच्यासाठी तो मुद्दा होता.

कोणत्या लेखकाने हे ठरवून केलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. त्याला गुरुवारचा आकडा हवा होता. पण संध्याकाळच्या वेळेला घरात टीव्हीसमोर कोण बसलेलं असतं, आणि त्यातल्या किती जणींना कधीतरी 'कुठे होतीस इतका वेळ' हे ऐकावं लागलंय, याचा अंदाज सात भाषांमधल्या सात टीमना बरोबर लागलेला दिसतो.

पुढे कार्तिकला सत्य कळलं, कळणारच होतं. प्रोमो, महाएपिसोड, पश्चात्ताप, सगळं झालं. आईने त्या दिवशी भाजी गॅसवर करपवली. वरच्या मजल्यावरून मावशीही खाली आली होती, शेवटपर्यंत बसली, आणि त्यानंतर तिने मालिका सोडली. आई म्हणाली, "अगं, आता कुठे चांगलं चाललंय, आता बघ की." मावशी म्हणाली, "आता ती त्याची गोष्ट झाली. तो रडणार, ती माफ करणार." आणि ती दुसऱ्या कुठल्या तरी वाहिनीवर निघून गेली, तिथे नुकतंच कुणालातरी घराबाहेर काढलं होतं.

मला खरंच एक ट्रॅक बघायचाय. सत्य कळतं, नायक दारात येऊन उभा राहतो, आणि ती म्हणते, चहा घे आणि जा. तिला त्याच्याबद्दल राग नाही, प्रेमही राहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींचे डबे भरायचेत. हे दाखवलं तर टीआरपी पडेल की वाढेल, मला खरंच सांगता येणार नाही. कुणी चॅनेलमध्ये कामाला असेल आणि ऐकत असेल, तर एकदा फ्लोअरवर विषय काढून बघा.

बाकीच्यांसाठी एक काम. तुमच्या घरात जी कोणी ताटातुटीची मालिका रोज बघते किंवा बघायची, आई, आजी, काकू, शेजारची वहिनी, तिला 'का बघतेस' असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही, मी करून बघितलंय. 'कुठल्या दिवशी सोडलीस' ते विचारा. उत्तर आलं तर, आणि तिची हरकत नसेल तर, व्हॉइस नोट करून पाठवा. नंबर आणि ईमेल नेहमीच्याच जागी आहेत. फक्त दोन मिनिटांच्या आत ठेवा, मागच्या वेळी एकाने अठरा मिनिटांची पाठवली होती आणि त्यात बारा मिनिटं कुकरच्या शिट्ट्या होत्या.